आत गेलेलं बाहेर आलं पाहिजे

नव्या घरात फ्रंट लोड मशीन घेतलंत, चांगलं केलंत. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून लिहूनच देते आहे. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. धुणं तू लाव, नातसून लावो की कामाच्या ताई लावोत, ज्याची पाळी त्याने वाचायचं. तीस-बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला ‘असं करा’च्या पुढे ‘कारण’ लिहायची खोड आहे, तेवढी सोसून घ्या.

सगळ्याचं सार एकच. या मशीनमध्ये जे जे जातं ते ते बाहेर आलं पाहिजे. पाणी, साबण, मळ, क्षार, खिशातली चिल्लर आणि शेवटी राहिलेला दमटपणासुद्धा. राबून मशीन जेवढं बिघडत नाही तेवढं ते आत काहीतरी साचून बिघडतं.

पहिल्या दिवशी

मशीनच्या पाठीला ३ किंवा ४ लांब बोल्ट असतात. प्रवासात ड्रम हिंदकळू नये म्हणून कारखान्यातच ते आवळलेले असतात. ते न काढता मशीन चालवलं तर पहिल्याच स्पिनला ते जागा सोडून चालायला लागेल आणि आतल्या भागांना मार बसेल. बसवायला आलेल्या माणसाने बोल्ट काढले, की त्याच्याकडून मागून घ्या आणि पुस्तिकेबरोबर पिशवीत ठेवा. तुमचं घर भाड्याचं आहे. अकरा महिन्यांचा करार संपून सामान टेम्पोत चढवायची वेळ आली, की हेच बोल्ट पुन्हा लावावे लागतील.

दुसरी गोष्ट पायांची. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्सचं पहिलं घरगुती ऑटोमॅटिक फ्रंट लोड आलं, तेव्हा ते जमिनीला बोल्टने जखडावं लागत असे, इतकं ते हादरायचं. आता आतला काँक्रीटचा नाहीतर ओतीव लोखंडाचा ठोकळा, स्प्रिंगा आणि शॉकॲब्झॉर्बर ते हादरे पेलतात; पण चारही पाय जमिनीवर सारखे टेकलेले असतील तरच. आपल्याकडे ड्राय बाल्कनीच्या फरशीला नहाणीकडे उतार असतो. तेव्हा मशीनच्या वरच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीने दाबा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांवर. जरा जरी डुगडुगलं तरी पाय फिरवून उंची जुळवा आणि पायावरचा नट पान्याने घट्ट करा. खाली पुठ्ठ्याच्या घड्या घालू नका, पाण्याने त्यांचा लगदा होतो. चाकांचा स्टँड तर मुळीच नको.

विजेचा पॉइंट १६ अँपिअरचा, तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेलाच हवा. मशीनमधला हीटर साधारण २,००० वॅट ओढतो. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं हे काम नाही. अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून आपण या मशीनला हात लावतो.

सांडपाण्याचा पाइप मागच्या आकड्यात उंच अडकवलेला असावा. त्याचं टोक नहाणीच्या भोकात घट्ट कोंबू नका, साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. नाहीतर एकीकडून पाणी भरतं आणि दुसरीकडून आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. मशीन तासन्‌तास पाणीच भरत बसतं.

तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता. गच्चीवरची टाकी डोक्यावर असली तरी वरच्याच मजल्याला दाब सर्वांत कमी मिळतो. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा निदान ३ मीटर वर हवं. धार बारीक असेल तर मशीनला दोष न देता आधी प्लंबरला विचारा. छोटा प्रेशर पंप लागू शकतो.

खाली उंदराची जाळी आहे का, तेही बघून ठेवा. काही मशीनचा तळ उघडा असतो. उंदराने वायर कुरतडली तर तो खर्च सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

पाणी ओळखा

तुमच्या सोसायटीत थोडं पालिकेचं, थोडं बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी येणार. त्यातलं जड पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोटीला पांढरी खरपुडी धरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. बोअरचं पाणी पुष्कळदा त्या वरच्या टोकाकडे झुकलेलं असतं.

असं पाणी तापलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वेगळे होऊन नेमके हीटरवर बसतात. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं आणि एक दिवस हीटर जळतो. त्यावर उपाय स्वस्त आहे. दर दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये साधारण १०० ग्रॅम लिंबूसत टाकायचं, पावडर अजिबात नाही, आणि ६० अंशांचं सुती कपड्यांचं चक्र चालवायचं. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं. कंपनीच्या पुस्तिकेत त्यांची स्वतःची क्षारनाशक पावडर सांगितली असेल तर वॉरंटी संपेपर्यंत तीच वापरा. महिन्यातून चार-चार वेळा मात्र करू नका, आम्ल शेवटी धातूलाही लागतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा: लिंबूसत किंवा व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाल्कनीत तो जीवावर बेतू शकतो.

पाण्याबरोबर गाळही येतो. पाणी आत घेणाऱ्या पाइपच्या टोकाशी, मशीनला जोडलेल्या जागी, बोटाच्या पेराएवढी एक जाळी असते. टँकरच्या दिवसांत ती महिन्यात बुजते. नळ बंद करायचा, पाइप सोडवायचा, पक्कडीने जाळी हलकेच ओढून जुन्या टूथब्रशने धुवायची आणि परत बसवायची. पाच मिनिटांचं काम आहे.

पावडर: अति तिथे माती

फ्रंट लोडमध्ये पाणी थोडंच असतं. ड्रम कपडे वर उचलतो आणि खाली सोडतो. धोबीघाटावर दगडावर कपडा आपटतात, तेच काम इथे पडण्याने होतं. फेस जास्त झाला की कपडे त्या फेसावर अलगद पडतात, आपटतच नाहीत, आणि मळ तसाच राहतो. म्हणून हाताने धुण्याची पावडर यात चालत नाही. डब्यावर ‘फ्रंट लोड’ लिहिलेलीच घ्या; तिला फेस कमी येतो, आणि कमी यावा म्हणूनच ती तशी केलेली असते. फेस कमी दिसतो म्हणून आणखी एक चमचा घालायचा मोह आवरा.

किती घालायची? पाकिटावरचं प्रमाण पूर्ण भरलेल्या, मळक्या कपड्यांसाठी असतं. ऑफिसचे घामट शर्ट-कुर्ते असतील तर त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. पाणी जड असेल तर थोडी वाढवा. शेवटच्या खळबळण्याच्या वेळी काचेतून बघा. तेव्हाही फेस दिसत असेल तर पावडर जास्त झाली आहे. पुढच्या वेळी कमी करा, आणि आज एक ‘एक्स्ट्रा रिन्स’ द्या. अंगाला खाज, काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे, टॉवेल कडक होणं, ही न निघालेल्या साबणाची लक्षणं आहेत.

ट्रेमध्ये तीन कप्पे असतात. II लिहिलेला मुख्य धुण्याचा, I लिहिलेला त्याआधीच्या धुण्याचा, आणि फुलाचं चित्र असलेला सॉफ्टनरचा. I मध्ये पावडर घालून साधा प्रोग्रॅम लावलात तर ती तिथेच बसून राहील. सॉफ्टनर ‘मॅक्स’च्या रेघेच्या वर गेला तर आधीच गळून वाया जातो. टॉवेलला तर सॉफ्टनर नकोच. त्याचा पातळ थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. महिन्यातून एकदा ट्रे पूर्ण बाहेर काढून गरम पाण्यात भिजवा आणि ज्या खाचेतून तो निघतो ती खाचही पुसा. काळी बुरशी तिथे लपते.

आत काय, किती आणि कसं

७ किलोचं मशीन म्हणजे ७ किलो सुके सुती कपडे. टेरिकॉट, पॉलिस्टर याच्या निम्मं आणि लोकर त्याहून कमी. वजनकाटा नको. कपडे मोकळे टाकल्यावर वरच्या बाजूला तळहात उभा सहज शिरला पाहिजे. ठासून भरलं तर कपडे उचलून पडायला जागाच राहत नाही. अगदी रिकामंही बरं नाही. एकटी सोलापुरी चादर टाकली तर ती ओली होऊन एका बाजूला गोळा होते, तोल जातो आणि मशीन स्पिन करायला नकार देतं. तिच्याबरोबर दोन-तीन टॉवेल टाका. माझी लुगड्यांची गोधडी मात्र मशीनला दाखवूसुद्धा नका. ती पाणी पिऊन एवढी जड होते की बेअरिंगचं कंबरडं मोडेल.

घालण्यापूर्वी प्रत्येक खिसा उलटा करा. नाणी, चाव्या, सेफ्टी पिना, केसांचे आकडे, सुपारीची पुडी, टिश्यू पेपर. एका टिश्यूने सगळ्या काळ्या कपड्यांवर पांढरे कण होतात आणि एका पिनेने दाराचं रबर फाटतं. चेन आणि हूक लावून टाका, नाड्यांना सैल गाठ मारा, जीन्स उलटी करा. ओढण्या, मोजे, आतले कपडे जाळीच्या पिशवीत. नऊवारी मोकळी टाकली तर बाकीच्या कपड्यांना विळखा घालून बसते, म्हणून सुती नऊवारीही घडी करून जाळीतच. पैठणी आणि जरीचं काही मशीनमध्ये घालायचं नाही, यावर वाद नको.

विसर्जनाच्या मिरवणुकीहून आलात, की गुलालाचे कपडे आधी गच्चीवर झटका आणि बादलीत दोनदा साध्या पाण्यातून काढा. तसेच आत गेले तर दाराचं रबर गुलाबी होईल आणि पुढच्या खेपेला पांढरा शर्टही. अभ्यंगस्नानाचे तेलकट पंचे वेगळे काढून गरम पाण्यात धुवा. तेल रबराला मऊ करून सैल करतं. पेट्रोल किंवा थिनर लागलेलं फडकं तर कधीच नाही. त्याची वाफ बंद ड्रममध्ये पेट घेऊ शकते.

डाग आणि तापमान

रोजच्या कपड्यांना ३० किंवा ४० अंश पुरतात. पावडरीतली विकरं तिथे चांगली काम करतात. टॉवेल, चादरी, पायपुसणी, तान्ह्या बाळाची दुपटी यांना ६० अंश. विजेचा हिशेब करून पाहा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० ला न्यायला साधारण पाव युनिट लागतं, ६० ला न्यायला अर्ध्याहून थोडं जास्त. ड्रम फिरवायला त्यामानाने थोडी वीज लागते. म्हणून सगळंच गरम पाण्यात धुणं उधळपट्टी आहे, पण कायम थंड पाण्यात धुणंही बरं नाही. साबण आणि तेलकट मळ यांचा बुळबुळीत थर ड्रमच्या मागे धरतो आणि कुबट वास येतो.

रक्त, दूध, अंडं यांचे डाग आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होतात आणि डाग पक्का बसतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. घाबरू नका, हळदीतला रंग अल्कलीत तसाच बदलतो. कपडा धुऊन कडक उन्हात घाला, डाग बराच फिका पडतो. हळदीवर ऊन हे कोणत्याही महागड्या डागनाशकापेक्षा खात्रीचं.

१५ मिनिटांचा झटपट प्रोग्रॅम दोन-तीन शर्टांसाठी आहे. त्यात भरलेला ड्रम धुतला जात नाही, फक्त भिजतो. आणि सुती कपड्यांचा प्रोग्रॅम दोन-अडीच तास चालला तर मशीन बिघडलं असं समजू नका. कमी पाण्यात स्वच्छ करायचं तर वेळ द्यावाच लागतो.

धुणं संपलं की

घरात एक नियम करा: जो धुणं आत घालतो त्यानेच ते लगेच बाहेर काढायचं. सकाळी लावून ऑफिसला निघून गेलात, तर संध्याकाळी वासामुळे तेच धुणं पुन्हा लावावं लागतं.

मग दाराचं रबर. त्याची खालची घडी बोटाने उघडा. तिथे पाणी, केस, दोरे आणि एखादा हरवलेला मोजा असतो. कोरड्या फडक्याने पुसा. त्या घडीत तळाशी बारीक भोकं असतात, ती मोकळी आहेत ना पाहा. काळे ठिपके दिसले तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. चाकूने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका; रबर कापलं की गळती सुरू. शेवटी दार आणि ट्रे दोन्ही थोडे उघडे ठेवा. घरात लहान मूल येणार असेल तेव्हा मात्र मशीनच्या खोलीचं दार बंद ठेवा. पॅनलवरचं चाइल्ड लॉक पुष्कळ मशीनमध्ये फक्त बटणं अडवतं, ड्रममध्ये शिरणाऱ्या मुलाला अडवत नाही. नळ आणि विजेचं बटण दोन्ही बंद.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून टॉवेल-चादरींना शेवटी एक जादा स्पिन द्या. १,००० ते १,२०० फेऱ्यांचा चालेल. नाजूक कपड्यांना ४०० ते ६०० पुरे. विजा कडाडत असतील तर प्लगच काढून ठेवा.

खालचा फिल्टर

समोर खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. त्याच्या मागे पंपाचा फिल्टर. खिशातून निसटलेलं सगळं इथे येऊन अडकतं. बहुतेक घरांत मशीन घेतल्यापासून हे झाकण कुणी उघडलेलंच नसतं. महिन्यातून एकदा उघडा. गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर थांबा, भाजेल. खाली पसरट ताटली आणि फडकं ठेवा. बारीक नळी असेल तर आधी तिचं बूच काढून पाणी सोडा, मग फिल्टर हळूहळू फिरवा. काढल्यावर आत बोट घालून पंपाचा पंखा मोकळा फिरतो का पाहा. परत बसवताना आटे तिरके बसू देऊ नका. पहिल्या धुण्याला तिथे थेंब येत नाहीत ना, हे वाकून बघा.

मेकॅनिकला फोन करण्याआधी

पाणी येत नाही: नळ उघडा आहे का, टाकीत पाणी आहे का, पाइप मुडपलाय का, जाळी बुजली का.
पाणी जात नाही: खालचा फिल्टर.
स्पिन होत नाही: कपड्यांचा गोळा झाला आहे, मोकळे करून पुन्हा लावा.
दार उघडत नाही: दोन मिनिटं थांबा, कुलूप सुटायला तेवढा वेळ लागतो. काचेतून पाणी दिसत असेल तर ओढाताण न करता फिल्टरमधून पाणी काढा.
वीज गेली: बटणं दाबत बसू नका. बहुतेक मशीन वीज आल्यावर राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू होतात.

खरा आजार म्हणजे स्पिनमध्ये दर खेपेला वाढत जाणारा गडगडाट. रिकामा ड्रम आतून वरच्या कडेला धरून उचला. तो खडखडून वर-खाली हलला तर बेअरिंग गेलं. जळका वास आला, शॉक बसला किंवा खालून पाणी आलं, तर बटण बंद करून माणूस बोलवा. तो आला की आधी खर्चाचा आकडा विचारा, बदललेला जुना भाग दाखवायला सांगा आणि बिल घ्या. मशीन आठ-दहा वर्षांचं झालं असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीच्या वर जात असेल, तर नवं घ्या.

पाठ करायचं वेळापत्रक

रोज: खिसे, रबर पुसणं, दार उघडं, नळ बंद.
महिन्याला: फिल्टर, ट्रे आणि रिकाम्या ड्रमचं एक गरम चक्र.
दोन-तीन महिन्यांनी: लिंबूसत. त्या महिन्यात वेगळं गरम चक्र नको.
वर्षाला: पाय डुगडुगतात का, पाइपला फुगवटा किंवा चीर आहे का, अर्थिंग ठीक आहे का. पाण्याचा पाइप पाच वर्षांनी, धड दिसत असला तरी, बदलाच.

आणि कधीतरी जुनं मशीन काढायची वेळ आलीच, तर ते रस्त्यावर किंवा जिन्याखाली ठेवून देऊ नका. आधी दाराचं कुलूप मोडा, म्हणजे खेळणारं पोर आत अडकणार नाही, आणि मग ई-कचरा घेणाऱ्याला बोलवा.